चावायचे शब्द

तात्या माझ्या दारात उभे राहायचे तेच भरल्या तोंडाने, एक बोट वर करून. ते बोट म्हणजे ‘बोलू नका, आधी ऐका’ अशी मला ताकीद. मग सावकाश चावायचे, गिळायचे आणि विचारायचे, “बाई, ह्येका इंग्रजीत काय म्हणतत?”

मी तेव्हा नुकतीच शाळेतून निवृत्त झाले होते. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण खाऊन दाखवून शंका विचारणारा विद्यार्थी कधी भेटला नव्हता. परळच्या आमच्या चाळीत तात्यांची खोली माझ्यापासून दोन दारं सोडून. गिरणी चालू होती तोवर ते तिथल्या कँटीनमध्ये आचारी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. मीही एकटीच. फरक इतकाच, की मी माझं एकटेपण मिरवत असे आणि ते त्यांच्या एकटेपणाला कंटाळले होते.

सुरुवात झाली नातवामुळे. रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. त्याला मराठी येत नव्हतं, यांना इंग्रजी. दोघं एकमेकांकडे बघून हसायचे आणि फोन बंद व्हायचा. एकदा तात्यांनी धीर करून “ईटिंग?” विचारलं, तर पोरगं म्हणालं, नाही आजो, नुसतं निबलिंग. दुसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडे हजर. मी शिक्षकी थाटात सांगितलं, निबल म्हणजे कुरतडणं.

“कुरतडता तो उंदीर. माझो नातू नाय,” म्हणत ते तडक उठले, घरून बिस्कीट घेऊन आले आणि कडेकडेने, अगदी इवलं इवलं खाऊन दाखवलं. “ह्यां?” मी म्हटलं, हो, हेच. तेव्हापासून दर शनिवारी पाच वाजता एक पदार्थ आणि त्याचा एक शब्द ठरून गेला. शब्द रविवारी नातवाला म्हणून दाखवला, की बोलणं दोन मिनिटं लांबतं, असा त्यांचा बेत होता.

त्यांचा कान भलताच तयार होता. कँटीनमध्ये जेवणाऱ्यांकडे पाठ करून उभं राहिलं तरी भाकरी कडक झालीय की नाही हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं म्हणे. मंच आणि क्रंच यांतला फरक मी त्यांना तीनदा सांगितला, तिन्ही वेळा त्यांनी मान हलवली नाही. पुढच्या शनिवारी दोन पुड्या घेऊन आले. एकीत लालबागहून आणलेला ताजा चिवडा, दुसरीत गेल्या आठवड्याचा सादळलेला. आधी ताजा खाल्ला. “ह्यो क्रंच.” मग सादळलेला. “ह्यो मंच.” मला वर्गात हे कधी इतकं सोपं करता आलं नव्हतं.

बाइट डासाचा असतो आणि थंडीचाही, असं मी सांगितलं तेव्हा ते घाबरलेच. “थंयची थंडी पोराक चावता?” म्हणून स्वेटर पाठवायची भाषा करू लागले. एकदा मटणाची नळी घेऊन आले. हाडाला चिकटलेलं दातांनी ओरबाडून खाणं म्हणजे नॉ. काळजी आतून पोखरते, तिलाही हाच शब्द लावतात, असं मी सहज पुढे बोलले. तात्यांनी नळी कागदावर ठेवली. “मगे ह्यो शब्द पोराक नको सांगूया.”

निबल मात्र त्यांचा लाडका. मासा आमिषाला नुसतं तोंड लावून जातो, तेही निबलच, हे कळल्यावर कोकणातल्या या माणसाला फार आनंद झाला. मग म्हणाले, “गळ हलता, पण मासो लागणा नाय. आमच्या फोनाचां तसांच.” मी हसले. ते हसले नाहीत, हे मला फार उशिरा आठवलं.

पदार्थ नेहमी दोघांपुरता असायचा. मी एकदा म्हटलं, कशाला इतकं आणता? तर म्हणाले, “एकट्यान खाल्ल्यार चावल्याचो आवाज लय मोठो येता, बाई.”

आणि अशा माणसाला मी एका शनिवारी दारातूनच परत पाठवलं. सकाळपासून गुडघा ठणकत होता, डोकं उठलं होतं. ते चिक्की घेऊन आले. बोट वर जायच्या आत मी म्हटलं, “तात्या, संपले आता शब्द. इंग्रजीत चावायचे एवढेच आहेत.”

“संपले? इतक्यात?” त्यांनी हातातल्या पुडीकडे पाहिलं. माझ्या वाट्याची चिक्की उंबऱ्याजवळच्या फळीवर ठेवली. “बरां,” म्हणाले आणि गेले. पुढच्या शनिवारी आले नाहीत, त्यापुढच्याही नाही. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

दोन महिन्यांनी चाळ पाडायची म्हणून खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. तात्यांना कुडाळला धाकट्या भावाकडे पोचवायला त्यांचा मुलगा कॅनडाहून आला. मी त्याला कौतुकाने म्हटलं, तुमचा मुलगा आजोबांकडून बरेच शब्द शिकला असेल ना? तो गोंधळला. “आर्यन? बाई, दोन वर्षं झाली तो बाबांशी बोलतच नाही. क्लास असतात, मॅच असतात. मीच कधीतरी फोन करतो.”

दोन वर्षं. आमचे शनिवारही तेव्हाच सुरू झालेले; म्हणजे तो चिवडा, ती नळी, तो मासा, सगळं त्यानंतरचं. तात्या माझ्याकडे शब्दासाठी येत नव्हते. मला त्यांची माफी मागायची होती. पण ते टॅक्सीत बसले, मी नुसतं “सांभाळून जा” म्हटलं. त्यांचं तोंड तेव्हा रिकामं होतं.

मी दादरला भाड्याच्या घरात आले. तिथे शब्दकोश काढून बसले, शब्द शोधून वहीत लिहिले आणि एका शनिवारी पाच वाजता कुडाळला फोन लावला. “तात्या, मी चुकले. शब्द संपले नव्हते.”

 ते म्हणाले, “चावूक आता दात खंय आसत, बाई? डॉक्टरान सगळे काढल्यान. पेज गिळतंय.” मग विचारलं, “गिळूचे शब्द किती आसत?”

“पुष्कळ आहेत.”

“मगे एकेक सांगा. सगळे एकदम संपवू नकात.”

पाच शनिवार मी पाच शब्द सांगितले. तिकडून ते पेजेचा भुरका मारून दाखवायचे आणि मी ‘बरोबर’ म्हणायचे. सहाव्या शनिवारी फोन त्यांच्या भावजयीने उचलला. तात्या गुरुवारी गेले होते.

सहावा शब्द वहीत तसाच आहे. शनिवारी पाच वाजता मी चिवडा घेऊन बसते. तात्या म्हणायचे ते खरं आहे, आवाज फार मोठा येतो.