शंभरानंतर पाच शिकलेला बाप

फोनवर 'संपत गॅरेज' असं नाव उमटलं तेव्हा मी वेल्ह्याला आम्हा अंगणवाडी सेविकांच्या महिन्याच्या बैठकीत होते. या माणसाचा फोन कायम एकाच वाक्याने सुरू व्हायचा, "बाई, बसलाय का उभ्या हाय?" म्हणजे बातमी मोठी आहे, उभ्या असाल तर टेकून घ्या! आणि बातमी काय, तर गावातल्या कुठल्या तरी पोराने आपल्या शर्टाचं बटण आपलं आपण लावलं. त्या दिवशी व्हरांड्यात येऊन मीच आधी म्हणाले, "बसलेय, बोला संपतभाऊ." पलीकडून त्यांची बायको वैशाली म्हणाली, "बाई, मी बोलतेय... त्ये गेले." सकाळी गॅरेजचं शटर वर करताना छातीत कळ आली आणि गाडी नसरापूरच्या दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. एक्केचाळीस वर्षांचे होते. मी खरोखरच खाली बसले.

महिना उलटला त्याला. त्यांच्याबद्दल लिहायला बसले की रडू यायच्या आधी हसू येतं, कारण या माणसाची एकही आठवण हळू आवाजातली नाही. मी भोरची, लग्न होऊन विंझरला आले आणि इथल्या अंगणवाडीत लागले. आठ वर्षांपूर्वी जूनमध्ये संपतभाऊ मोटरसायकलच्या टाकीवर साडेतीन वर्षांच्या आरोहीला बसवून आले आणि गाडी बंद करायच्या आधीच ओरडले, "बाई, हिला शंभरपर्यंत येतंय! म्हन गं!" पोरीने डोळे मिटले आणि एका दमात एक ते शंभर म्हणून टाकलं. रस्त्यावरची माणसं थांबून ऐकत होती. संपतभाऊंची छाती अशी फुगली होती, की वाटलं आता हेच टाळ्या वाजवतात... आणि त्यांनी वाजवल्या.

दुपारी खिचडीच्या वेळी मी आरोहीला म्हटलं, "पाच ताटल्या आण बरं." ती गेली आणि हातात मावतील तेवढ्या सगळ्या ताटल्या छातीशी धरून घेऊन आली. मी संध्याकाळी हे त्यांना सांगितलं. वाईट बोलले नाही, एवढंच म्हटलं की तिला शंभराचं गाणं येतं, पाच म्हणजे किती ते अजून यायचं आहे, आणि ते येईल, खेळता खेळता येईल. त्यांचा चेहरा पडला. "म्हंजे आमी एवढं घोकून घेतलं ते वाया?" असं म्हणून गाडीला किक मारली आणि दुसऱ्या दिवसापासून आरोही येईनाशी झाली. तिला हायवेच्या बाजूच्या एका मोठ्या शाळेत केजीला घालणार, तिथं टाय असतो, इंग्रजी असतं, असं मदतनीस मावशींकडून कळलं.

पंधरा दिवसांनी अंगणवाडीच्या कुंपणाबाहेर ते उभे दिसले. आत येईनात. मीच बाहेर गेले. त्या मोठ्या शाळेत प्रवेशाच्या मुलाखतीला बाईंनी आरोहीला फक्त नाव विचारलं होतं. पंधरा दिवस रोज दोन तास तयारी करून घेतलेली पोर, तिने स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही. बाहेर मैदानात आल्यावर संपतभाऊ तिच्यावर ओरडले. "तिनं हात असा डोक्यावर धरला, बाई," त्यांनी स्वतःचे दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवले. "म्या हात उचललाबी नव्हता. तिला आधीच कळलं, की आता ह्यो मारनार." चौथीत पाढे म्हणताना आपणही फळ्यापाशी तसेच उभे असायचो, हे त्यांनी कुंपणाच्या तारेकडे बघत सांगितलं. शाळा सातवीत सोडली होती. "माझ्यावानी हुऊ नये म्हनून करत होतो... आन् माझ्यावानीच केली की तिला. काय करू, सांगा."

मी म्हटलं, आठ दिवस काही शिकवू नका. रोज एक तास तिला गॅरेजवर न्या, जवळ बसवा, तुम्ही काय करताय ते तिला सांगत राहा. ती काही विचारेल त्याला उत्तर द्या, बस्स. "गॅरेजात? त्या गिरीस-आईलात?" त्यांचा विश्वास बसेना. पण दुसरं काही हाताशी नव्हतं, म्हणून केलं.

पहिला फोन चौथ्या दिवशी आला. "बाई, बसलाय का उभ्या हाय?" त्यांनी नट-बोल्टचा डबा तिच्यापुढे पालथा केला होता. तिने कोणी न सांगता लहान-मोठे वेगळे केले, मग एकेका बोल्टला नट फिरवून बघायला लागली. न बसणारा एक नट हातात धरून म्हणाली, "बाबा, ह्याची आई सापडत न्हाई." संपतभाऊ फोनवर हे तीन वेळा म्हणाले आणि तिन्ही वेळा हसले. मी त्यांना सांगितलं, ती वर्गवारी करतेय, मोठं-लहान ओळखतेय, आणि बोटं अशी फिरली की उद्या पेन्सिल आपोआप धरता येते. पलीकडून ओरडले, "आयला! म्हंजे ही शाळाच हाय!" त्यानंतर फोन थांबेनात. गाडी का थांबते असं तिने विचारलं. कापूरहोळला पार्ट आणायला गेले तर दुकानदाराला तिने स्वतःहून नाव सांगितलं. आणि मग एक दिवस भर दुपारी, मी पोरांना झोपवत असताना, इतक्या मोठ्याने की दोन पोरं जागी झाली, "पाच, बाई! बोल्टाचे पाच वायसर मागितले, तिनं पाचच दिले! मोजून! एक मागं ठेवला, सहावा हुता म्हनून!" शंभर ऐकताना लोकांसमोर टाळ्या वाजवणारा हा माणूस त्या पाचांवर रडत होता. आठवड्याने आरोही परत आमच्याकडे आली.

मग या उत्साहाला सगळ्या गावाने तोंड दिलं. माझ्या पालक बैठकीला फक्त आया यायच्या. संपतभाऊ म्हणाले, "बापांना म्या आनतो." कसे आणणार ते विचारलं नाही, ही माझी चूक. त्या आठवड्यात ज्या ज्या बापाची गाडी दुरुस्तीला आली, तिची चावी यांनी खिशात घातली आणि सांगितलं, "चावी बैठकीत मिळंल." नऊ बाप आले, निम्मे तणतणत! मी प्रत्येकाला कागद आणि पेन्सिल दिली आणि म्हटलं, डाव्या हाताने स्वतःचं नाव लिहा. ते लिहायला लागले तसे संपतभाऊ त्यांच्यामागे फिरायला लागले. "लवकर! रेषेत! शेजारच्याचं बग कसं आलंय! एवढंबी येत न्हाई?" आधी सगळे खो खो हसले. मग हसणं कमी झालं. एकाची पेन्सिल मोडली. एक थोराड शेतकरी, ज्यांची सगळ्यात धाकटी मुलगी आमच्याकडे होती, त्यांनी कागद उलटा करून ठेवला आणि म्हणाले, "आमी पोरांला आसंच बोलतो, व्हय?" पुढे मला फार बोलावं लागलं नाही. सकाळी उशीर झाला तरी चालेल पण पोराचं बटण पोराला लावू द्या, बाजारात नेलंत तर भाज्यांची नावं विचारा, पोरीच्या गोष्टीत वाघ उडाला तर उडू द्या, दुसऱ्याच्या पोराशी तुलना करू नका... संपतभाऊ प्रत्येक वाक्याला "आयकलं का?" म्हणत होते आणि एकेक चावी परत करत होते.

त्यांच्या तावडीतून मीही सुटले नाही. तपासणीला साहेब यायचे होते म्हणून एकदा मी एका पोराचा हात धरून त्याच्याकडून 'अ' गिरवून घेत होते, भिंतीवर लावायला. दारातून आवाज आला, "बाई, ह्यो 'अ' त्याचा का तुमचा?" मला राग आला. पोरं तुम्हाला सांभाळायची नाहीत, मला सांभाळायची आहेत, असं मी तोडून बोलले. ते गुपचूप गेले. दोन दिवस फोन नाही, आणि त्या शांततेनेच मला छळलं. साहेब आले तेव्हा भिंतीवर त्या पोराने स्वतः काढलेल्या तिरक्यातिरक्या रेघा होत्या. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? पोरगा म्हणाला, "पाऊस, आन् ही माझी म्हस पळतीया." मी बाहेर येऊन गॅरेजला फोन लावला आणि म्हटलं, "संपतभाऊ, बसलाय का उभे आहात?"

आरोही आता सहावीत आहे. वर्गात पहिली-दुसरी येत नाही. प्रश्न मात्र इतके विचारते की तिचे गुरुजी मला रस्त्यात गाठून सांगतात. सायकलची चेन पडली की मुलं तिच्याकडे येतात.

परवा, ते गेल्यावरची पहिली पालक बैठक होती. बाप येतील असं मला वाटत नव्हतं, चाव्या धरून ठेवायला आता कोण होतं? सात जण आले, पायताणं दारात काढून भिंतीला टेकून बसले. बैठक सुरू होणार इतक्यात वैशाली आली. ती वरव्याजवळच्या कंपनीत पाळीला जाते, त्यामुळे आठ वर्षांत ती कधी इथे आलीच नव्हती, यायचे ते संपतभाऊच. दारातच थांबून म्हणाली, "बाई, आज सुट्टी टाकली. हितलं समदं मला त्यांच्याकडनं ठावं हाय... बघितलं मातर कायबी न्हाई." एवढ्यात कोपऱ्यात भातुकली मांडून बसलेली चार वर्षांची एक पोरगी उठली, वैशालीच्या पदराला धरून तिला आत घेऊन आली आणि चटईवर बसवलं. मातीची एक भाकरी तिच्यापुढे ठेवली, मग थोडा विचार करून दुसरी ठेवली. वैशालीने खोटाखोटा घास मोडला, तोंडाशी नेला, आणि डोळे पुसत विचारलं, "भाजी कशाची हाय गं?"

पोरीने रिकाम्या वाटीत नीट डोकावून बघितलं आणि म्हणाली, "थांब की. शिजतीया अजून."