आळशी मिरचीचं झाड

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण माझ्या शहाणपणाचा हा किस्सा सांगताना मलाच हसू फुटतं आणि चहा नाकात जातो!

मी एका प्रयोगशाळेत काम करतो. आमचा विषय जिवाणूंची प्रथिनं. झाडाला अशा एखाद्या प्रथिनाची नुसती चाहूल लागली, की त्याला वाटतं शत्रू घरात घुसला! मग ते असं पेटून उठतं, की पानाचा तेवढाच ठिपका स्वतःच मारून टाकतं आणि जिवाणूला तिथेच कोंडतं. आहे की नाही कमाल? पण माणगावजवळच्या माझ्या सासुरवाडीत एकच समजूत, जावई जंतू पाळतो.

गेल्या हिवाळ्यात मामींच्या, म्हणजे सासूबाईंच्या मिरचीवर ठिपक्यांचा रोग पडला. चाळीस झाडं, त्यांच्याच मिरच्या त्या वर्षभर बाजारात विकायच्या. मी लॅबमधल्या साहेबांना विचारून प्रथिनाची बाटली घेतली, दहा दिवसांची रजा टाकली आणि हजर! सासरे, म्हणजे मामा, फवारणीला निघाले होते. मी त्यांना अडवलं आणि चाळीसही झाडांवर स्वतः बाटली शिंपडली.

"मामा, आता दुसरं काही मारू नका. झाड आपलं आपण लढेल."

"तुमी म्हणताय तर तसं," मामा म्हणाले. जावयाच्या शब्दापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी ठिपके दुप्पट! मी नाचायचाच बाकी होतो. लढाई सुरू झाली म्हणून घरभर सांगत सुटलो. मामी जेवल्या नाहीत, पण तिकडे बघतो कोण?

तिसऱ्या दिवशी पानांवर निळसर थर. हे तर आमच्या लॅबमध्येही कुणी पाहिलं नव्हतं. झाडानं चिलखत घातलं, असं मी जाहीर केलं. फोटो साहेबांना पाठवले. आठवड्यात नवी पालवी फुटली, तेव्हा शेजारचे शेतकरी जमवून व्याख्यानच ठोकलं. कोपऱ्यातलं एक झाड तेवढं पानं गळून काडी झालं होतं. ते जात्याच आळशी आहे, असं मी सगळ्यांना समजावलं.

निघायच्या दिवशी साहेबांचा फोन. म्हणाले, अरे, फोटोतला तो निळा थर म्हणजे मोरचूद आणि चुना, सुपारीवर रोग पडू नये म्हणून फवारतात तो.

मी मामांकडे पाहिलं. बनियनभर निळे शिंतोडे! इतके दिवस मला ते दिसलेच नव्हते.

"तुमी उठायच्या आदी मारून घ्यायचो," मामा खाली बघत म्हणाले. "हिचा जीव टांगणीला लागला व्हता. ते कोपऱ्यातलं झाड मातर सोडलं. त्याला निस्तं तुमचंच औषध हाय. म्हटलं, जावयाचा मान ऱ्हायला पायजे."

म्हणजे माझ्या औषधावर जगलेलं, नव्हे, मेलेलं झाड ते एकच! तुलनेसाठी एखादं झाड वेगळं ठेवायचं असतं, हा प्रयोगाचा पहिला धडा. मी तो विसरलो आणि मामांनी न शिकता पाळला.

साहेबांना सगळं खरं सांगितलं. वाटलं, आता ओरडणार. ते शांतपणे म्हणाले, "मामांना विचार, लॅबमध्ये येतात का. तू राहा तिकडेच, मिरच्या खुडायला."