पडदा कोणी पाडला

परसरामच्या जाण्याची बातमी मला एकदाच कळली, पण गेला दीड महिना ती मी रोज सांगतो आहे. बाभुळगावला तहसील कचेरीसमोर माझं स्टेशनरीचं दुकान आहे. दुकानाच्या ओट्यावर, शटरच्या डाव्या अंगाला, परसराम आडे वर्षानुवर्षं लोकांचे अर्ज लिहायला बसायचा. सातबाऱ्यावर चुकलेलं नाव, म्हातारीचं थांबलेलं निराधारचं अनुदान, शेजाऱ्यानं कोरलेला धुरा, म्हणजे शेताचा बांध... सगळं त्याच्या मांडीवरच्या पुठ्ठ्यावर उतरायचं. लोक अजून खेड्यांवरून येतात, रिकामा ओटा बघतात आणि मला विचारतात, "आडेभाऊ नाही आले काय आज?" मग मी सांगतो. परवा एक बाई तर माझ्यावरच चिडली. "असे कसे गेले? माहा अर्ज अर्धा लिहून ठेवला ना त्याइनं!" हे परसरामला सांगता आलं असतं तर तो पोट धरून हसला असता, आणि हसून झाल्यावर अर्ज पुरा करून दिला असता.

नागपूरच्या दवाखान्यात तो अकरा दिवस होता. मूत्रपिंडांनी हात टेकले होते. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं आमच्या जुन्या नाटकांचा विषय काढला नाही, तब्येतीचंही काही सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "दुकान कोणाच्या भरवशावर टाकून आला बे? जाय घरी." दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर उचलत असताना त्याच्या मुलीचा, रेणुकाचा फोन आला. ती नुसती रडली, आणि मी शटर अर्ध्यावर तसंच धरून उभा राहिलो.

आमची दोस्ती कागदावरून झाली. तो माझ्याकडून कोरे कागद घ्यायचा आणि मी त्याच्याकडून फुकटचं शहाणपण. पुढे नाटकं सुरू झाली. गणपतीत, शाळेच्या गॅदरिंगला, एकदोनदा यवतमाळच्या हौशी स्पर्धेत. लिहायचा तो, बसवायचा तो, आणि हिरो मी. माझी उंची बरी, आवाज खणखणीत, केसही तेव्हा होते. गावात मला अजून 'हिरो' म्हणतात, आता त्यात चेष्टा किती आणि कौतुक किती ते मी मोजत नाही. परसरामची तालीम म्हणजे अर्ज लिहिण्याचाच प्रकार होता. नट वाक्य म्हणायला लागला की तो हात वर करायचा. "थांब. हे कोणाले सांगून राह्यला? अन् तुले पायजे काय त्याच्याजवळून?" उत्तर आलं नाही तर वाक्य कापलं जायचं. माझी कितीतरी सुंदर वाक्यं त्यानं अशी कापली आहेत.

मग ते बोंडअळीचं वर्ष आलं. कापूस झाडावरच किडला, सोयाबीनला कोणी विचारेना, वेचणीची मजुरी बुडाली. परसरामच्या बंजारा तांड्यावरची दहाबारा घरं त्या साली पहिल्यांदाच ऊस तोडायला पश्चिमेकडे जायला निघाली. उमरखेडकडच्या तांड्यांना कोयता सवयीचा, यांना नवा. बाजारात शुकशुकाट होता, माझ्या दुकानात वह्यासुद्धा खपत नव्हत्या. अशा दिवसांत हा गडी येऊन म्हणतो, नाटक करायचं. मी म्हणालो, लोकांना भाकरीची पडली आहे आणि तुला नाटक सुचतं? तो म्हणाला, "भरल्या पोटी तर तुह्या कामाले टाळ्या वाजवल्याच ना एवढे वर्स. आता आमचं आम्हाले सांगू दे."

'आमचं' म्हणजे काय ते मला दोन मिनिटांनी कळलं. नाटकाचं नाव 'लूण', म्हणजे मीठ. मोटारी नव्हत्या तेव्हा परसरामचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख तुडवायचे. रस्ते आले, आगगाडी आली, धंदा बसला. एक तांडा शेवटची खेप घेऊन निघतो, वाटेत मुलीचं लग्न लावतो, आणि शेवटी तांड्याचा प्रमुख, म्हातारा नायक, उरलेलं मीठ घरटी वाटून देतो, की आता इथंच राहायचं. सगळं नाटक त्यांच्या गोर बोलीत. आणि रंगमंचावर येणारा प्रत्येक माणूस तांड्यातलाच. पाटीलही, व्यापारीही, गोरा साहेबसुद्धा! आमच्या भागात असं कोणी केलं नव्हतं. तांड्यातल्या माणसाला आम्ही नाटकात घ्यायचो ते दारू पिऊन झिंगायला नाहीतर होळीत नाचायला. हे मीही केलं आहे, खोटं कशाला बोलू.

"मग पाटील मी करतो," मी म्हणालो. "बोली येते मला."

"येते ना. झोपेत कोणत्या बोलीत बडबडतं तू?"

तो कागद उचलून ओट्यावर गेला. चार दिवस आम्ही बोललो नाही, आणि एका ओट्यावर बसून न बोलणं किती कठीण असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पाचव्या दिवशी मीच म्हणालो, "पडदा तरी ओढू दे." त्यानं वर न बघता सांगितलं, "तो तुह्याचसाठी ठेवला हाय. दोरावर भरवशाचा माणूस लागते." मला बरं वाटलं. पण अर्धंच.

टीका दोन्हीकडून झाली. यवतमाळचे आमचे नाट्यरसिक म्हणाले, शिमग्यात नाचतात तेच बरं आहे की. आणि परसरामच्याच समाजातला एक साहेब गाडीतून उतरून सांगून गेला की बोलीत नाटक करून पोरांना मागे खेचू नका. परसरामनं त्याला माझ्या दुकानातला चहा पाजला आणि बोळवलं.

निम्मे नट उसाच्या फडात गेल्यावर तालमी फडात सुरू झाल्या. दर पंधरा दिवसांनी हा दोन एसट्या बदलून तिकडे जायचा. मी एकदा सोबत गेलो. एक जण ऊस तोडता तोडता वाक्य म्हणायचा आणि तीन सऱ्या सोडून दुसरा, दिसत नसताना, उत्तर द्यायचा. मोळी बांधेपर्यंत एक प्रवेश व्हायचा. आता यवतमाळच्या स्पर्धेतल्या प्रयोगासाठी या सगळ्यांना तीन दिवस सुट्टी हवी होती आणि उचल दिलेला मुकादम कोणाला सोडत नसतो. परसरामनं त्याला रीतसर अर्ज लिहिला. 'माननीय मुकादम साहेब यांच्या सेवेशी', विषय, संदर्भ, सगळं. त्या माणसाला जन्मात कोणी अर्ज केला नव्हता. त्यानं तो चारचौघांत दोनदा वाचून घेतला आणि पानाच्या खाली मंजूर लिहून सही ठोकली.

तांड्यावर राहिलेल्यांची तालीम समाजमंदिरात. म्हाताऱ्या नायकाचं काम तांड्याचे खरे नायक धनसिंग करत होते. सत्तरी ओलांडलेली, अक्षरओळख नाही. मिठाचं सगळं भाषण त्यांनी ऐकून ऐकून पाठ केलं होतं. नवरीचं काम रेणुकाला, ती तेव्हा कॉलेजात होती. आयाबायांनी पेट्यांच्या तळाशी पडलेले आरशांचे घागरे काढून दिले. आणि इथंच एक चूक झाली. लग्नानंतर सासरी निघताना त्यांच्याकडची मुलगी ढावलो गाते, एकेकाच्या गळ्यात पडून, नाव घेऊन, रडत. परसरामनं तो दुसऱ्या अंकाच्या शेवटी ठेवला होता. पण घरात लग्न नसताना ढावलो कोणी तोंडातून काढत नाही, अशुभ समजतात. म्हणून तो फक्त प्रयोगात, नाटकातलं लग्न लागल्यावरच गायचा ठरलं, आणि तालमीत रेणुका त्या जागी नुसती उभी राहायची, परसराम म्हणायचा, "इथं ढावलो. पुढं चला." दोन महिन्यांत तो एकदाही कोणी ऐकला नाही.

प्रयोगाच्या दिवशी यवतमाळचं सभागृह भरलं होतं. पुढे परीक्षक आणि आमची रसिक मंडळी, मागे ट्रॅक्टरनं आलेले तांडेच्या तांडे. पहिला अंक असा रंगला की मी दोर हातात घेऊन तोंड उघडं ठेवून बघत होतो. इतकी वर्षं परसराम माझ्याकडून जे मागत होता ते हे असं होतं, हे मला तिथं विंगेत उभं राहून कळलं. आणि मग दुसऱ्या अंकात रेणुकानं ढावलो सुरू केला.

पहिली ओळ संपायच्या आत परसरामची बायको, शांतावहिनी, मागच्या रांगेतून उठली. पोटची मुलगी ढावलो गाते आहे आणि आई खुर्चीवर बसून राहील? ती चालत आली, पायऱ्या चढली आणि मुलीच्या गळ्यात पडली. तिच्यामागे मावश्या, काकू, शेजारणी. बघता बघता वीसपंचवीस बायका रंगमंचावर. रेणुकाला आता एकेकीचं नाव घेऊन गावंच लागत होतं, कारण समोर आलेल्या बाईचं नाव घेतलं नाही तर तिचा अपमान. पाटील रडत होता, व्यापारी रडत होता, गोऱ्या साहेबाची पावडर ओघळत होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. परीक्षकांनी घंटी वाजवली. पुढच्या रांगांत कोणीतरी हसलं, मग आणखी चारजण हसले. समोरच्या विंगेत परसराम उभा होता, डोळे पुसत. त्यानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी पडदा पाडला.

पडद्यामागे रडणं चालूच राहिलं. पुढचे लोक नाटक संपलं समजून उठले. तिसरा अंक झालाच नाही, धनसिंग नायक मिठाचं पोतं घेऊन विंगेत तसेच उभे राहिले. परसराम माझ्याजवळ आला. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. तो म्हणाला, "दोर सोड आता. हाताले वळ पडून राह्यले." बस. त्यानंतर त्या पडद्याचा विषय त्यानं कधीच काढला नाही.

बक्षीस अर्थातच नाही. पण पुढचे दोन हिवाळे 'लूण' तांड्यातांड्यांवर झालं, दिग्रसकडे, उमरखेडकडे, मोकळ्या जागेत, पडद्याशिवाय. ढावलोला सगळ्या बाया उठायच्या, पोटभर रडायच्या, मग खाली बसायच्या आणि धनसिंग नायक मीठ वाटायचे. खरं मीठ. लोक ते पदरात बांधून घरी न्यायचे. मी टेम्पो ठरवायचो, चहा बघायचो. तांड्यावर मला कोणी त्या दिवसाबद्दल एका शब्दानं बोललं नाही. मी मनाशी म्हणायचो, दिलदार माणसं आहेत.

परसरामच्या तेराव्याला तांड्यावर गेलो. त्याच्या घरात, पुढच्या खोलीत बायामाणसं दाटीनं बसली होती. रेणुका आता उमरखेडला शिक्षिका आहे, तिनं मला भिंतीशी जागा करून दिली. धनसिंग नायक बोलायला उठले. परसरामनं कोणाकोणाचे अर्ज फुकट लिहिले ते त्यांनी नावानिशी सांगितलं. आणि मग म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. एकच गोष्ट माह्या मनात राह्यली. आपल्या लेकीचं रडणं त्यानं यवतमाळात झाकलं. पर खरं बोलला. प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी बैठकीत उभा राह्यला, पागोटं खाली ठेवलं, म्हणला, पडदा मीच पाडाले सांगतला, सुधाकरभाऊले काही बोलू नोका."

सुधाकरभाऊ म्हणजे मी.

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना हे इतकी वर्षं माहीत होतं, त्या खोलीत फक्त मलाच नवं होतं. मला उठून सांगायचं होतं की नाही, त्यानं सांगितलं नव्हतं, त्यानं बघितलंही नव्हतं. भिंतीला धरून अर्धा उठलो आणि परत खाली बसलो. रेणुकाला वाटलं मला भरून आलं. तिनं पाणी दिलं.

म्हणून हे लिहितो आहे. त्या दिवशी लोक हसत होते, ते मला सहन झालं नाही, हे खरं. आणि दोर हातात असताना माझ्या मनात हेही आलं होतं की बघा, मला बाहेर ठेवलं तर काय होतं... हेही तितकंच खरं. किती कशामुळे पाडला ते मला आजही सांगता येणार नाही. पण पाडला मी. परसरामनं पागोटं ठेवलं ते माझ्यासाठी, आणि दुसऱ्या दिवशीही माझ्याच ओट्यावर बसून अर्ज लिहीत राहिला.

हे छापून आलं की पेपरची पुरवणी घेऊन मी तांड्यावर जाणार आहे. धनसिंग नायकांना वाचता येत नाही. मी त्यांना गोर बोलीत वाचून दाखवीन, सगळ्यांसमोर, उभं राहून. माझे उच्चार चुकतील, पोरं हसतील. हसू देत.