डॉक्टरचं नाव

अंबरनाथ स्टेशनजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे ते काका नेहमी येतात. बरीच वर्षं मस्कतच्या इस्पितळात नोकरी केलेली. आता मुंबईत उपचारांना येणाऱ्या अरब पेशंटांचे रिपोर्ट अरबीत करून देतात. प्रिंट हातात आली की चष्मा कपाळावर चढवून उजवीकडून एकेका ओळीवर बोट फिरवत बसतात. मागे लाईन लागलेली असते, मी वैतागतो, पण ते हलत नाहीत.

डॉक्टरांच्या नावाने ओळखले जाणारे आजार त्यांना मुळीच आवडत नाहीत. "अरे, कुठला कोण जर्मन डॉक्टर! पेशंटला त्याचं नाव घेऊन काय करायचंय?" म्हणून ते आधी 'विसरत जाण्याचा आजार' असं सरळ अरबीत लिहितात आणि डॉक्टरचं नाव मागाहून, बारीक अक्षरात.

गेल्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदाच मराठीत केलेला रिपोर्ट आणला. पेशंटच्या जागी काकूंचं नाव होतं. त्यांना इंग्रजी येत नाही. आजाराच्या जागी नुसतं त्या जर्मन डॉक्टरचं नाव.

"काका, आजार काय ते लिहायचं राहिलं," मी म्हणालो.

"असू दे तसंच. ती स्वतः वाचणार आहे."

बोट न फिरवताच त्यांनी कागदाची घडी घातली.