भारंगी समजून खुडलेला हायड्रेंजिया

खांब गावाच्या पुढे हायवेलगत एक नर्सरी आहे. तिथून मी हायड्रेंजियाचं रोप आणलं तेव्हा त्याला फुलांचे गुलाबी गेंद होते. रोह्याला आमच्या घरामागे, स्वयंपाकघराच्या भिंतीशी दुपारचं ऊन पोचत नाही. तिथं लावलं. पहिल्या उन्हाळ्यात त्यानं माझा जीव टांगणीला लावला. दुपारी पानं अशी लोंबायची की संपलं म्हणावं, आणि संध्याकाळी पाणी घातलं की थोड्या वेळात पुन्हा ताठ. पावसाळ्यात ते फुललं, पण निळं. नवरा म्हणाला, "फसवलं तुला." मी नर्सरीवाल्याला फोन केला तर तो हसला. "ताई, तुमची माती लाल ना? आंबट माती ती. तिच्यात हे निळंच होणार." फोन ठेवता ठेवता त्यानं एवढंही सांगितलं की याची पानं विषारी असतात, गुराढोरांच्या तोंडी लागू देऊ नका.

पुढच्या वर्षी जूनमध्ये सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्या पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात राहतात. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली. पेणला त्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. वाकायचं नाही, चुलीशी जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. पथ्याचे दिवस संपले तरी मी त्यांना कशाला हात लावू देत नव्हते. त्या म्हणायच्या, "बसून बसून माझी हाडा गंजली गो."

एक दिवस मी शाळेत शिकवून दुपारी घरी आले. सासूबाई मागच्या पायरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम.

"काय झालं, आई?"

"मळमळतंय. दोनदा उलटी झाली."

"काय खाल्लंत?"

"भाजी केली भारंगीची. तुझ्यासाठी पण ठेवलीय."

पावसाच्या तोंडावर आमच्याकडे घरोघर भारंगीची कोवळी पानं खातात. पण घरात भारंगी नव्हतीच. "कुठून आणलीत?" मी विचारलं.

"आणायला कशाला पायजे? तुझ्या भिंतीला एवढी फोफावलीय."

मी वळून बघितलं. बुडाशी चार जून पानं सोडली तर हायड्रेंजियाच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या. त्या वर्षी अजून फूल आलं नव्हतं. कातरलेल्या कडांची रुंद हिरवी पानं तेवढी होती, आणि तीही आता कढईत गेली होती.

त्यांना काही न सांगता मी खालची पानं उरलेली एक फांदी मोडून पिशवीत टाकली, रिक्षा बोलावली आणि जवळच्या दवाखान्यात नेलं. वाटेत नवऱ्याला फोन केला. तो डोलवीला कंपनीत, पहिल्या शिफ्टला होता. "निघतो," एवढंच बोलला.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सलाईन लावलं, फांदीचा फोटो काढून कुणा मोठ्या डॉक्टरांना पाठवला आणि फोनवर बोलत बाहेर गेले. मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. आत येऊन त्यांनी सासूबाईंना विचारलं, "आजी, भाजी कशी केलीत? नीट सांगा."

तेवढ्या अशक्तपणातही बाईंचा आवाज चढला. "कशी म्हणजे? पाला उकडला, पाणी वतून टाकला. परत उकडला, परत वतला. मग पिळला. भारंगी कडू असते, नाय तर तोंडात धरवत नाय."

"पाणी टाकलंत?"

"मग काय पिऊ?"

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "तेच बरं झालं. बरंचसं विष त्या पाण्याबरोबर गेलं असणार. उलट्याही झाल्यात. तरी संध्याकाळपर्यंत इथंच थांबा."

ती दुपार सरता सरेना. सासूबाईंना झोप लागली की मी त्यांच्या छातीकडे बघत बसायची. श्वास चालू आहे ना, म्हणून हात लावला की त्या डोळे उघडायच्या. "हाय गो, हाय मी." नवरा कंपनीच्या कपड्यांतच आला आणि आईच्या पायाशी बसून राहिला. दिवेलागणीला डॉक्टरांनी पुन्हा तपासलं, नाडी बघितली. "काही काळजी नाही. घरी न्या, पेज द्या." मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले आणि रडले. दुपारपासून आवळून धरलेलं सगळं त्या बाकावर सुटलं.

रिक्षात सासूबाईंनी माझा हात धरला. "गावात बोलू नको हां कुणाला."

"का?"

"आमच्याकडच्या पोरी सगल्या माझ्याकडून भारंगी वळखायला शिकल्या."

मला हसू आवरेना. मग नवराही हसायला लागला आणि शेवटी त्या स्वतःही.

सकाळी नवरा कुदळ घेऊन मागे गेला. सासूबाई पायरीवरून ओरडल्या, "ठेव ती कुदल! झाडानं बोलवला होता काय मना?" झाड राहिलं. मी बाजारातून भारंगीची जुडी आणली आणि आम्ही दोघी ओट्यावर पेपर पसरून बसलो. मी हायड्रेंजियाची खालच्या पानांची एक काटकी तोडून त्यांच्या हातात दिली, दुसऱ्या हातात भारंगी. त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवली. भारंगीचा दांडा चौकोनी, कडा हाताला लागतात, हायड्रेंजियाचा गोल. भारंगीला बऱ्याचदा एका पेऱ्यावर तीन पानं, याला समोरासमोर दोनच. "आता आंधली झाली तरी चुकणार नाय," त्या म्हणाल्या आणि ती जुडी निवडायला घेतली. त्या दिवसापासून मी त्यांना स्वयंपाकघरात अडवलं नाही.

झाडाला महिन्याभरात नवी पालवी आली. त्या साली फूल आलं नाही, पण पुढच्या पावसात भिंत निळी झाली. तोवर त्यांचा दुसरा डोळाही झाला होता. वर्षभर राहून गावी निघताना म्हणाल्या, "एक फांदी दे मना." मी घुटमळले. तरी दिली. खाडीकाठच्या खारट मातीत ते जगणार नाही म्हणून कुंडीत इथलीच लाल माती भरून दिली.

बरेच दिवस काही कळलं नाही. मग एका सकाळी मी शाळेला निघत असताना त्यांचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही.

"लागला गो," त्या म्हणाल्या. "दोन पाना फुटली."