रोह्याशी बोलणारी पोर

बोरगावच्या कवडू ढोबळ्याचं रोह्यांशी, म्हणजे नीलगायींशी, जुनं वैर. कुंपणावरून उडी मारून बागेत शिरणारं आणि संत्र्याची कोवळी फूट ओरबाडणारं हे जनावर त्याला डोळ्यांपुढे नको असायचं. मागल्या दिवाळीत त्याची पोर शिवानी पुण्याहून आली आणि तिनं टीव्हीवर एक जपानी कार्टून लावलं. त्यात जादूच्या मुलखातली निळ्या केसांची पोर एका शिंगाळ्या, उंच खांद्याच्या जनावराशी लाडानं बोलायला लागली. कवडूच्या मते तो सरळसरळ रोही होता.

"रोह्याशी कोणी बोलते का? बंद कर थे," तो म्हणाला.

"बाबा, थोडंसं पहा ना अजून," शिवानी म्हणाली. त्यानं तिच्या हातून रिमोट घेतला आणि बातम्या लावल्या.

त्या दिवाळीच्या आधीच्या पावसाळ्यात पंचफुला वारली होती. कवडूची बायको, शिवानीची आई. पोरीचं मन नोकरीत लागावं म्हणून तेरवी आटोपताच कवडूनं घरात पंचफुलाचं नावच बंद केलं. फोटो कपाटात गेला. शिवानीनं आईचा विषय काढला की हा गडी संत्र्याच्या भावावर यायचा. शेवटी तिनंही नाद सोडला. फोनवर आता जेवले का, गोळी घेतली का, एवढंच. या दिवाळीला तर ती आलीच नाही. रजा नाही म्हणाली. कवडू बरं म्हणाला आणि फोन ठेवला. पोर हातची सुटत चाललीय हे त्याला कळत होतं, पण तिच्याशी बोलावं काय, हेच सुचत नव्हतं.

पौषात बाग ताणावर होती. संत्र्याचं पाणी तोडायचं, झाडाला तहानेनं पानं गाळू द्यायची, मग पाणी सोडलं की बहार फुटतो. या दिवसांत बागवानाला कामच नसतं. मोटार बंद, मजूर आपापल्या घरी, आणि सौंसरच्या बाजाराला जाऊन तरी बोलणार कोणाशी? असं एकटेपण कवडूला जन्मात ठाऊक नव्हतं. एका रविवारी दुपारी त्यानं टीव्ही लावला, तर समोर तीच निळ्या केसांची पोर. अर्धवट सोडलं तिथून पुढे पाहायचं का, असं टीव्ही विचारत होता. पोरीला यात एवढं काय आवडलं ते तरी पाहू, म्हणून त्यानं बटण दाबलं.

बोलणं हिंदीत होतं, त्यामुळे समजत होतं. पोर त्या रोह्याला घेऊन नुसती चालतच राहिली. कवडू वैतागला, पण उठला नाही. मग रोही थांबला आणि त्यानं विचारलं, तू आईचं नाव का घेत नाहीस? पोर म्हणाली, घरी कोणीच घेत नाही, मग मी कोणापाशी घेऊ? आणि त्याच्या मानेला मिठी मारून ती ढसाढसा रडली.

कवडूनं टीव्ही थांबवला. थोडंसं अजून, म्हणाली होती शिवानी. खरंच थोडंसंच राहिलं होतं. बापाच्या घरात पोरीला आईसाठी रडायला जागा नव्हती, आणि ते तिनं आपल्या परीनं सांगायला घेतलं, तर आपण बातम्या लावल्या. त्याला स्वतःची लाज वाटली.

त्यानं फोन लावला. तुझं ते कार्टून पुन्हा पाहून राहिलो, म्हणाला. रोह्याच्या त्या प्रश्नापर्यंत आलो, हेही सांगितलं. तो भाग आपण कितीदा तरी एकटीनं पाहिला होता, एकदा तुमच्यासोबत पाहायचा होता, असं शिवानी म्हणाली. ऑफिसातलं काही सांगावं तशा कोरड्या आवाजात.

"आता पायतं का? मी इकडे लावतो."

"नाही बाबा. आता थे पाहून मले रडू येत नाही."

कवडूला ताणावरची बाग आठवली. ताण लांबला की झाड वाळतं. एका साली मोटार जळाली, पाणी द्यायला उशीर झाला, आणि घाबरून त्यानं एकदम पाट भरून पाणी सोडलं. नाल्याकडची ओळच्या ओळ मरून गेली. तहानल्या झाडाला आधी हलकं पाणी द्यावं लागतं, हे तो तेव्हा शिकला. माफी, हुंदका, सगळं ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यानं गिळलं.

"त्या पोरीचे निळे केस पाहून तुही आई लय हसली असती," तो एवढंच म्हणाला.

 मग शिवानी हळूच म्हणाली, "तेल लावून वेणी घालून दिली असती तिनं."

"उद्या करू का फोन?"

"करा."

फोन बंद झाला. कवडूनं कपाटातून पंचफुलाचा फोटो काढला, दुपट्ट्यानं पुसला, शेजारी खाटेवर ठेवला आणि थांबलेलं कार्टून पुढे सुरू केलं.