क्लबच्या कागदावरची पहिली सही

आमचा हॉकीचा क्लब लातूरच्या एका क्लासवाल्याकडे गेला, तेव्हा नांदेडात बोंब उठली की माझ्या मित्राने टीम विकली. ती बोंब मी उठवली होती.

आम्ही दोघे एका गल्लीतले. तो फुलबॅक खेळायचा. मला खेळ कधी जमलाच नाही, म्हणून मी मैदानावर चुन्याची फक्की मारायचो. गोलपोस्टला दोरी बांधून गोलसमोरच्या अर्धगोलाची, डीची रेघ ओढायची, आणि मग त्याच रेघेवर त्याने बॉल अडवला की लोकांनी त्याच्या नावाने ओरडायचं. मीही ओरडलो. चाळीस वर्षं आतून जळत होतो, हे आज पहिल्यांदाच लिहितोय.

क्लबकडे प्रवासालासुद्धा पैसे उरले नव्हते. चांगली पोरं दुसऱ्या टीममध्ये जाऊ लागली होती. लातूरचा माणूस टीम घ्यायला तयार झाला, पण त्याला आम्हा सात जुन्या सभासदांच्या सह्या हव्या होत्या. बैठक मित्राच्या घरी झाली. क्लबचं नाव बदलायचं नाही आणि सराव नांदेडलाच होईल, या दोन अटी त्याने भांडून कागदावर घालून घेतल्या. मित्र कागद पुन्हा वाचत बसला, तेवढ्यात मी पेन उचलून पहिली सही केली; मग बाकीच्यांनीही केल्या. कागद घेऊन आलेल्या मालकाच्या माणसाने मला दोनदा 'साहेब' म्हटलं होतं. वाटलं, नवा मालक आपल्याला लक्षात ठेवील.

पहिल्याच मॅचला पोरांच्या छातीवर क्लासची जाहिरात दिसली आणि पब्लिक पेटलं.

"आता गोल मारायच्या आधी एन्ट्रन्स द्यावी लागती का काय!"

"नापास झाला तं पुन्ना फी भर म्हणावं!"

मालकाने मित्राला शाल घातली, सोफ्यावर आपल्याशेजारी बसवलं. मी फक्कीची बादली घेऊन जवळ सरकलो. तोच माईकवरून आवाज आला, "ओ बादलीवाले काका, बाजूला व्हा, फोटोत येऊन राहिलात."

सगळं मैदान हसलं.

हाफटाइमला चहाच्या टपरीवर कुणीतरी विचारलं, "मामा, टीम इकली कुणी?"

मी म्हणालो, "सोफ्यावर कोण बसलंय, दिसून न्हाई राहिलं का?"

एवढंच बोललो. पुढच्या मॅचपर्यंत लोकांनी त्याला लातुरात प्लॉटसुद्धा देऊन टाकला. तो मैदानात शिरला की "शालवाले आले, सरका!" अशी आरोळी उठायची. दोन-तीनदा त्याने ऐकून घेतलं. मग यायचा बंद झाला.

त्याला दोन वर्षं झाली. टीम जिंकायला लागली. तेव्हा शिव्या देणारेच आता जाहिरातीची जर्सी घालून येतात. मालकाला माफी मिळाली, त्याला नाही.

मागच्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो. तो तुरीच्या शेंगा सोलत होता. मी सगळं सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

"ठाऊक हाय मला. कागदाची नक्कल हाय माझ्यापाशी. पहिली सही तुझी हाय."

"मग दाखवली का न्हाईस लोकांला?"

"दाखवून काय करू? तुला फक्की मारायलाबी कुणी बोलावलं नसतं."

लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण त्याच्या आधी हेवा वाटला, की हा माणूस एवढा गप्प बसू शकतो.

नक्कल मागून घेतली आणि रविवारी मॅचच्या आधी टपरीवर मोठ्याने वाचली. अटी कुणाच्या, पहिली सही कुणाची, सगळं सांगितलं. मग एकजण म्हणाला, "मामा, तुम्ही?" आणि चौघे-पाचजण मित्राला आणायला निघाले. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.

तो आला. अख्खी गॅलरी उभी राहिली. मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या, आणि या टाळ्या कधी थांबतात याची वाट पाहत राहिलो.